मागल्या बांकावरचें मूल आणि यंत्र



वर्गांत शिकवितांना शिक्षकाची नजर जेथून उत्तर मिळतें तिकडे साहजिकपणें वळते. पुढल्या दोन रांगांतून पांचसहा हात वर होतात, उत्तर बरोबर येतें, धडा समजला असें शिक्षकाला वाटतें आणि तो पुढच्या परिच्छेदाकडे जातो. या सर्व वेळांत मागल्या बांकावरचें मूल काय करीत असतें तें पाहण्यास त्याला सवड नसते. आज मला बोलावयाचें आहे तें त्या मुलाविषयीं. अलीकडे पुष्कळ शाळांतून मोठे पडदे आले आहेत, घरोघर मोबाईल आणि टॅब आले आहेत, आणि या साधनांनीं शिक्षणाचा कायापालट होणार असें आपण नित्य ऐकतों. पुढल्या बांकावरच्या मुलाचें त्यांत हित होत असेल तर आनंदच आहे. पण तें मूल यंत्रावांचूनहि शिकलें असतें. यंत्राची खरी परीक्षा व्हावयाची ती मागल्या बांकावर.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून मीं सुमारें अडतीस वर्षें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून शिकविलें, त्यांतलीं बहुतेक माण तालुक्यांत. तंत्रविद्येचा मी जाणकार नव्हे, तेव्हां यंत्राच्या पोटांत काय असतें तें मजकडून ऐकावयास मिळणार नाहीं. त्याच्या समोर बसलेल्या मुलाच्या पोटांत काय चाललेलें असतें, याचा मात्र मला थोडाफार परिचय आहे.

आपल्याकडे अशा मुलाला 'ढ' म्हणण्याची रीत आहे. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ज्या अक्षराचें वळण फारसें बदललें नाहीं तें हें अक्षर, म्हणून ज्याच्यांत कांहीं बदल होत नाहीं तो 'ढ', असें या शब्दाचें मूळ सांगतात. व्युत्पत्ति गमतीची आहे. पण मुलाच्या बाबतींत ती खोटी आहे. मूल सर्वच विषयांत आणि सर्वच वेळीं मंद असलें असें क्वचितच आढळतें. बहुधा त्याची मध्येंच एक पायरी निसटलेली असते आणि वर्ग त्याच्याकरितां थांबलेला नसतो. माण भागांत दिवाळीच्या सुमारास मेंढपाळांचीं कुटुंबें कळप घेऊन खालच्या मुलखांत उतरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. दुसरींत असलेला मुलगा दोन अंकी बेरीज शिकून जातो, तो परत येतो तेव्हां तिसरीचा वर्ग सुरू झालेला असतो. मधल्या महिन्यांत हातच्याची वजाबाकी होऊन गेली. ती ज्याला आली नाहीं त्याला भागाकार येणार नाहीं, भागाकार आला नाहीं त्याला अपूर्णांक येणार नाहीं. आणि सातवींत गुरुजी अपूर्णांकांवर रागावतात तेव्हां तो राग वस्तुतः चार वर्षांपूर्वीं निसटलेल्या एका पायरीवरचा असतो. शहरांत मेंढ्या नाहींत, परंतु वडिलांची बदली, दीर्घ आजार, घरांतली एखादी कटकट, एकाएकीं बदललेलें शिक्षणाचें माध्यम हीं तेथेंहि तेंच काम करतात.

हा प्रकार अपवादात्मक असता तर त्यावर भाषण करण्याचें कारण नव्हतें. ग्रामीण भागांतील मुलांच्या वाचनाची आणि गणिताची घरोघर जाऊन पाहणी करणारा 'असर' नांवाचा अहवाल २००५ सालापासून निघत आहे. २०२४ च्या अहवालांतहि पांचवींतील मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतला सोपा उतारा वाचूं शकणारीं मुलें निम्म्याच्याच आसपास होतीं. म्हणजे पांचवीच्या वर्गांत चाळीस मुलें असलीं, तर त्यांतल्या वीसांच्या हातांत जें पुस्तक आहे तें त्यांच्यापुरतें बंदच आहे.

आणि तरीहि वर्गांत हें दिसत नाहीं. कारण अशा मुलाला एक कला उत्तम साधलेली असते. ती म्हणजे लपण्याची. सामुदायिक वाचन चाललें कीं तें इतरांमागून री ओढतें, आणि ओठ अशा बेतानें हलवितें कीं ऐकणाऱ्याला शंका येऊं नये. प्रश्न विचारण्याची वेळ आली कीं नेमकें त्याच्या पेन्सिलीचें टोक मोडतें. गणित शेजाऱ्याच्या वहींतून उतरतें, आणि सर्वच बरोबर आलें तर संशय येईल म्हणून एखादें चुकीचें ठेवण्याइतकें तें चतुर असतें. चित्रावरून वाचणें हा तर त्याचा हातखंडा. धड्यावर पाण्यांतल्या नावेचें चित्र असतें, खालीं 'नाव' असें छापलेलें असतें, आणि मूल ठणठणीत आवाजांत 'होडी' असें वाचतें! अर्थ बरोबर, वाचन शून्य. एवढी बुद्धि जें मूल लपण्यांत खर्चूं शकतें त्याला मंद म्हणावयाचें कसें? त्याच्या या सर्व खटपटीचें मूळ लाज हें आहे. चाळीस जोड्या डोळ्यांसमोर चुकणें त्याला नको असतें. पुढें अंगानें मोठें झालें म्हणजे ही लाज असह्य होते, आणि मग एके दिवशीं तें शाळेंत येईनासें होतें. हजेरीपटावर कारण 'घरकाम' असें लिहिलें जातें.

आतां यंत्राकडे वळूं. यंत्रें शाळेच्या दारांत आज प्रथमच आलीं आहेत असें नव्हे. चलच्चित्रांमुळें शाळांतून पुस्तकें लवकरच बाद होतील, असें भाकित एडिसननें १९१३ सालींच केलें होतें; पुस्तकें अद्याप आहेत. आपल्या देशांत १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोंचविण्यांत आले, आणि त्यांत शाळकरी मुलांसाठींहि कार्यक्रम होते. १९८४ सालीं पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली. तिचे कित्येक कार्यक्रम फार सुरेख असत. पुढें ती बंद पडली याचें मला आजहि वाईट वाटतें. मी ज्या एका शाळेंत होतों तेथें याच काळांत एक दूरदर्शन-संच आला. तो बिघडल्यास भरपाई कोणीं करावयाची हें ठरेना, म्हणून तो कपाटांत कुलूपबंद राहिला, आणि वर्षाच्या तपासणीला तेवढा बाहेर निघे. असो.

परंतु कुलूप काढलें असतें म्हणून मागल्या बांकाला त्याचा कितपत उपयोग झाला असता, याविषयीं मी साशंक आहें. पडदा सर्वांना एकच गोष्ट, एकाच वेगानें, एकदांच सांगतो. फळ्याचीहि हीच अडचण होती. पडद्यावर चित्र हलतें, रंग दिसतात, गाणें लागतें, म्हणून वर्ग शांत बसतो, आणि शांत बसलेला वर्ग पाहून मुख्याध्यापक आणि पालक दोघेहि संतुष्ट होतात. पण मागल्या बांकावरच्या मुलाला याहून सोयीची जागा कोणती? खोलींत अंधार केलेला, सर्वांचीं तोंडें एका दिशेला, आणि कोणीहि कांहीं विचारीत नाहीं! लपण्यासाठीं त्याला आतां पेन्सिलीचें टोकहि मोडावें लागत नाहीं.

प्रत्येक मुलाच्या हातीं स्वतंत्र यंत्र दिलें म्हणजे प्रश्न सुटतो, असेंहि नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें खेड्यांतील शाळांना मुलागणिक लहान संगणक पुरविले. पुढें ३१९ शाळांची तुलना करून तज्ज्ञांनीं २०१२ सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला त्यांत असें आढळलें, कीं विचारशक्तीच्या कांहीं सामान्य कसोट्यांत थोडा लाभ दिसला, परंतु गणितांत आणि भाषेंत मुलें पुढें गेलीं नाहींत. संगणक आले, त्यांवर कोणत्या मुलानें काय करावयाचें, याचा विचार त्यांच्याबरोबर आला नाहीं.

मग यंत्र अगदींच निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. यंत्राच्या अंगीं दोनतीन गुण असे आहेत, कीं जे चाळीस मुलें सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या अंगीं कितीहि सद्भाव असला तरी येणें कठीण. पहिला म्हणजे यंत्र थकत नाहीं. एकच ओळ अकरा वेळां वाचून दाखवितांना शिक्षकाच्या आवाजांत सहाव्या वेळीं जी किंचित् धार येते ती मुलाला ताबडतोब कळते. यंत्राचा अकरावा आवाज पहिल्यासारखाच असतो. दुसरा, यंत्र हांसत नाहीं, आणि हांसणारे चाळीस सोबतीहि बरोबर आणीत नाहीं. तिसरा, तें उत्तराची दखल तत्काळ घेऊं शकतें. वही तपासून परत येईपर्यंत मूल आपण काय लिहिलें होतें तेंच विसरलेलें असतें.

याचा अनुभव मला एका फार साध्या यंत्रावर आला. १९९१-९२ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या घरीं भावगीतें ऐकण्यासाठीं घेतलेला एक टेपरेकॉर्डर होता. शाळेंत वीज नव्हती, पण तो सेलांवर चाले. तिसरीच्या वर्गांत मेंढपाळाचा एक मुलगा होता. वय वर्गाच्या मानानें दोन वर्षें जास्त, वाचन मुळाक्षरांपलीकडे नाहीं. मीं पुस्तकांतला एक लहानसा धडा माझ्या आवाजांत सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, ध्वनिमुद्रित केला. मधल्या सुटींत त्याला ओसरीवर बसवून सांगितलें, आवाज जो शब्द बोलेल त्या शब्दाखालीं बोट ठेवावयाचें. बोट चुकलें तर फीत मागें घ्यावयाची. बटणें त्याच्याच हातीं दिलीं. हें शेवटचें महत्त्वाचें होतें. त्या मुलाच्या शाळकरी आयुष्यांत गुरुजींचा आवाज थांबविण्याची आणि परत बोलविण्याची सत्ता प्रथमच त्याच्या हातीं आली होती, आणि ती त्यानें मनसोक्त वापरली. एक ओळ त्यानें किती वेळां मागें नेली असेल तें मीं मोजलें नाहीं. सेल मात्र आठवड्याला बदलावे लागले.

तीनएक आठवड्यांनीं त्यानें मला विचारलें, "गुर्जी, माझा आवाज यंत निघंल का?" मीं कोरी फीत दिली. त्यानें वाचलें, ऐकलें, तोंड वाकडें केलें, आणि पुन्हां वाचलें. स्वतःचें अडखळणें स्वतःच्या कानांनीं ऐकून त्यानें स्वतःच तें दुरुस्त करावयास घेतलें. एरवीं हेंच काम मीं केलें असतें तर त्याला बोलणीं खाल्ल्यासारखें वाटलें असतें. दिवाळीच्या आधीं तो तिसरीचें पुस्तक बोट न ठेवतां वाचूं लागला, आणि त्या वर्षीं घरचीं माणसें कळप घेऊन निघालीं तेव्हां तो आजीजवळ गांवींच राहिला. तो पुढें मोठा विद्वान झाला असें मात्र मी सांगणार नाहीं. सातवी झाल्यावर तो कळपामागें गेला. परंतु एस. टी. ची पाटी, सेवा सोसायटीची पावती आणि निवडणुकीचें पत्रक तो वाचतो, आणि अंगठ्याऐवजीं सही करतो.

माझा हा अनुभव एका मुलाचा. तोच धडा याहून फार मोठ्या प्रमाणावर इतरांनींहि गिरविला आहे. मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत १९७४ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं नभोवाणीवरून प्राथमिक शाळांना गणित शिकविण्याचा उपक्रम केला. त्यांतली युक्ति अशी, कीं नभोवाणी प्रश्न विचारी आणि गप्प बसे. त्या कांहीं क्षणांच्या शांततेंत मुलांनीं मोठ्यानें उत्तर द्यावयाचें किंवा पाटीवर लिहावयाचें. मग नभोवाणी बरोबर उत्तर सांगे आणि पुढें जाई. अर्ध्या तासाच्या पाठांत मुलांना अशीं उत्तरें वारंवार द्यावीं लागत, म्हणून डुलकी घेण्यास सवड नसे. ज्या वर्गांनीं हे पाठ ऐकले ते इतर वर्गांहून गणितांत बरेच पुढें गेले. आपल्याशीं आतां बोलत असलेला मी मात्र अखंड बोलत आहें, आणि आपण काय उत्तर देत आहां तें मला ऐकूं येत नाहीं. या दृष्टीनें माझें भाषण त्या गणिताच्या पाठाहून कमी प्रतीचें ठरतें.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेंतील ब्रिज कोठारी यांना १९९६ च्या सुमारास अशी कल्पना सुचली, कीं दूरदर्शनवर चित्रपटगीत चालूं असतांना त्याचे शब्द त्याच भाषेंत खालीं दाखवावे, आणि गाणारा जो शब्द गात असेल त्याचा रंग त्याच क्षणीं बदलावा. १९९९ सालीं गुजरातींत आणि २००२ सालीं हिंदी 'चित्रहार' मध्यें ती अमलांत आली. यामागचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. गाणें मुलाला आधींच तोंडपाठ असतें. पुढचा शब्द कोणता तें कान सांगतो, डोळा त्याचा आकार टिपतो, आणि मूल नकळत दोघांची गांठ घालतें. येथें चित्र पाहून 'होडी' म्हणण्याची सोय नाहीं, कारण गाण्यांतला शब्द ठरलेला आहे. शिवाय चांगलें गाणें कोणी एकदांच ऐकत नाहीं. वाचन-सरावाला जी पुनरावृत्ति लागते ती गाण्यांत फुकट मिळते, आणि तिला कोणी शिक्षा म्हणत नाहीं.

तिसरें उदाहरण दिल्लीचें. तेथें 'माइंडस्पार्क' नांवाच्या संगणकीय सरावाची परीक्षा घेण्यांत आली आणि तिचा वृत्तांत अर्थशास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला. सरकारी शाळांतील ६१९ मुलें, मुख्यतः सहावी ते नववींतलीं, घेऊन कोणीं केंद्रावर यावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरविलें. आरंभींच असें दिसलें, कीं सहावींतलें सर्वसाधारण मूल गणितांत आपल्या इयत्तेच्या सुमारें अडीच वर्षें मागें होतें. यंत्रानें प्रथम मूल खरोखर कोठें उभें आहे तें शोधलें, आणि तेथूनच शिकवावयास आरंभ केला. सहावींतल्याला गरज पडली तर तिसरीचें गणित दिलें, आणि तें शेजारच्या मुलाला दिसलें नाहीं. साडेचार महिन्यांत केंद्रावर येणारीं मुलें गणितांत आणि हिंदींत इतरांहून स्पष्टपणें पुढें गेलीं. सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. जीं कच्चीं मुलें केंद्रावर आलीं नाहींत, फक्त आपल्या शाळेंतच बसत राहिलीं, त्यांची प्रगति त्या काळांत जवळजवळ शून्य होती. तीं रोज शाळेंत जात होतीं. पण तेथें जें शिकवलें जाई तें त्यांच्या डोक्यावरून जात होतें.

या उदाहरणाचा एक भाग सांगितला नाहीं तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखें होईल. केंद्रावर रोज दीड तास असे. त्यांतलीं पंचेचाळीस मिनिटें यंत्रापुढें, आणि पंचेचाळीस मिनिटें लहानशा गटांत एका शिकविणाऱ्या माणसाबरोबर. माणूस तेथून गेलेला नव्हता.

आणि तो जाऊं नये, याचें कारण एका वजाबाकीनें दाखवितों. त्रेचाळिसांतून सतरा वजा करावयाचे आहेत. मुलानें उत्तर लिहिलें चौतीस. यंत्र म्हणेल, चूक, उत्तर सव्वीस, आतां असेंच दुसरें गणित करून पाहा. मूल दुसरेंहि तसेंच चुकवील, आणि दहावेंहि. आतां शिक्षकानें, किंवा घरीं आईनें, एवढेंच विचारावें, "बाळ, कसें केलेंस तें मला सांग." मूल सांगेल, "सातांतून तीन गेले चार राहिले, चारांतून एक गेला तीन राहिले." त्याला वजाबाकी येत नाहीं असें नव्हे, मोठ्यांतून लहान वजा करावा हा नियम त्यानें मनोभावें पाळला आहे, फक्त कोणत्या अंकांतून कोणता जातो तें त्यानें पाहिलें नाहीं. एक दशकाची जुडी सोडून काड्या मोकळ्या करून दाखविल्या कीं दहा मिनिटांत गांठ सुटते. चूक कोठें झाली तें यंत्र झटकन सांगतें. ती कां झाली हें कळण्यासाठीं मुलाचें बोलणें ऐकून घेणारें कोणी तरी लागतें. अलीकडचीं बोलकीं यंत्रें यांतहि पुष्कळ पुढें गेलीं आहेत असें ऐकतों, आणि तीं मुलाला 'कसें केलेंस' असें विचारूंहि लागलीं आहेत. आनंद आहे. पण आपल्याला न येणारी गोष्ट मूल कोणाजवळ कबूल करतें, हा विश्वासाचा प्रश्न आहे, आणि पुष्कळदां तो विश्वास त्याला घरांतल्या किंवा शाळेंतल्या एखाद्याच माणसाविषयीं वाटत असतो.

सुशिक्षित घरांतून मला दोन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली अशी, कीं मूल मागें पडत आहे असें कळतांच वडील टॅब विकत आणतात, त्यांत महागडा अभ्यासक्रम भरतात, आणि मूल त्यापुढें दोन तास शांत बसलें म्हणजे अभ्यास झाला असें समजतात. बघणें आणि शिकणें यांतलें अंतर आपण स्वतःवरून जाणावें. क्रिकेटचे सामने पाहून किती जणांना फलंदाजी आली? यंत्र विकत घेण्यापूर्वीं एवढेंच पाहावें, कीं दहा मिनिटांत मुलाला स्वतः किती वेळां उत्तर द्यावें लागतें, लिहावें लागतें, बोलावें लागतें. एकदांहि नसेल तर ती करमणूक आहे. करमणूक म्हणून ती खुशाल असावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कांहीं खेळवजा अभ्यासांत उत्तर चुकलें कीं यंत्र कर्कश आवाज काढतें, किंवा कोण पहिला, कोण दुसरा, कोण शेवटचा अशी यादी सर्वांना दाखवितें. पहिल्या पांचांना ती उत्तेजन देते यांत संशय नाहीं. पण ज्याचें नांव रोज तळाशीं येणार त्याच्यापुढें आपण मागला बांक पुन्हां उभा केला, आणि तो आतां घरांतल्या दिवाणखान्यांत आणून ठेवला! यंत्राचा जो एकमेव मोठा उपकार, म्हणजे कोणी न पाहतां चुकण्याची मोकळीक, तोच आपण अशानें हिरावून घेतों. असा आवाज बंद करतां येतो, यादी झांकतां येते. नच आलें तर तें यंत्र त्या मुलापुरतें दूर ठेवावें.

आपल्या पाठ्यपुस्तकांतून आतां क्यूआर कोड छापलेले असतात. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० सालीं जें जागतिक पारितोषिक मिळालें त्यामुळें या चौकटींकडे अनेकांचें लक्ष गेलें. मोबाईल धरला कीं धड्याचा आवाज किंवा चित्रफीत सुरू होते. चांगली सोय आहे, आणि ती वर्गापेक्षां घरीं अधिक चांगली; कारण घरीं मूल ती थांबवूं शकतें. पण मोबाईल घरीं असावा लागतो. २०२० सालीं महासाथीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां हें प्रकर्षानें दिसलें. ज्या घरीं एकच फोन होता तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जाई आणि संध्याकाळीं सातला परत येई. शाळेचा ऑनलाइन तास मात्र सकाळीं दहाला. त्या काळांत नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम झाला, आणि सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. त्यांचा लाभ घेतलेल्या मुलांत अशीं घरेंहि होतीं कीं जेथें दुसरें कोणतेंच साधन नव्हतें. जुनें साधन केवळ जुनें म्हणून टाकून देऊं नये. मुलाच्या हातीं सहज येणारें साधें यंत्र कपाटांतल्या उंची यंत्राहून मला नेहमींच जवळचें वाटतें.

माझी वेळ संपत आली आहे. आपल्या घरीं एखादें मूल वाचनांत मागें असेल तर करून पाहण्याजोगी एक युक्ति सांगतों. तिला पैसा लागत नाहीं, घरांत आहे तो फोन पुरतो. मुलाला आवडेल असा पांचसहा ओळींचा मजकूर निवडावा. त्याच्या इयत्तेचाच असला पाहिजे असें नाहीं, एकदोन इयत्ता खालचा असला तर अधिक बरा. त्यावर चित्र असेल तर तें कागदानें झांकावें. आईनें किंवा आजोबांनीं तो मजकूर फोनवर सावकाश वाचून ध्वनिमुद्रित करावा. दीड मिनिटाहून अधिक नको. मग फोन मुलाच्या हातीं द्यावा आणि आपण तेथून उठून जावें. बोट ठेवून तें तीन वेळां ऐको, दहा वेळां ऐको. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं त्याला स्वतःचा आवाज भरूं द्यावा, आणि तो आपणांस ऐकवावयाचा कीं नाहीं तें त्यालाच ठरवूं द्यावें. त्यानें ऐकविला, तर पहिल्या खेपेस दुरुस्ती करूं नये. तें स्वतःच "थांबा, परत वाचतों" असें म्हणेल. आणि एवढें कृपा करून पाळावें: कौतुकाच्या भरांत तें ध्वनिमुद्रण मामा-मावश्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवूं नये, निदान मुलानें आपण होऊन सांगेपर्यंत तरी.